आधी गुण्या, मग लेथ

रोबो बनवणाऱ्या कॉलेजच्या टीमला थोडे पैसे मिळाले की पहिला वाद हटकून एकाच गोष्टीवरून होतो. वर्कशॉपसाठी घ्यायचं काय? एक गट म्हणतो सीएनसी राउटर. दुसरा म्हणतो, थ्रीडी प्रिंटर असताना सीएनसी हवाय कुणाला? तिसरा एखादा, ज्याच्या मामाचं भोसरीला शेड आहे, तो म्हणतो सेकंडहँड लेथ बघू, मामा स्वस्तात मिळवून देईल. सर म्हणतात, आधी तीन कोटेशनं आणा. आणि मग शेवटी ज्याचं कोटेशन आधी येतं ते मशीन आणलं जातं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. दिवसभर कीबोर्ड बडवणे हा आपला धंदा. पण सुट्टीच्या दिवशी अशा पोरापोरींचा कोड बघून द्यायची सवय लागली आहे. त्यात एक गंमत लक्षात आली. "सर, पीआयडी ट्यून होत नाहीये" म्हणून जे प्रकरण माझ्याकडे येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वेळा कोडचं नसतंच. चाकाचा शाफ्ट एका बाजूलाच धरलेला असतो, बेअरिंगचं भोक हँड ड्रिलने पाडून कानशीने मोठं केलेलं असतं, मोटरचा अक्ष आणि चाकाचा अक्ष एका रेषेत नसतात. रोबो सरळ जात नाही, आणि बिचाऱ्या कोडला शिव्या बसतात.

म्हणून मी आमच्या धंद्यातली जुनी खोड वापरली. एखादी सिस्टिम समजत नसेल तर ती कोणत्या क्रमाने बांधली गेली ते बघायचं. मशीन टूल्सचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं की "काय घ्यायचं" या प्रश्नाचं उत्तर तिथे जवळजवळ क्रमवारीने लिहून ठेवलंय. प्रत्येक यंत्र कुणाचं तरी काम कुठेतरी अडलं म्हणून जन्माला आलं. आपलं काम कुठे अडलंय ते कळलं की यंत्र आपोआप ठरतं.

शिलिंगच्या जाडीची गोष्ट

जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं. शाळेत आपण शिकतो की वॉटने इंजिन सुधारलं आणि औद्योगिक क्रांती झाली. मधली सात वर्षं शाळेत कुणी सांगत नाही. वॉटची कल्पना बरोबर होती, वेगळ्या कंडेन्सरचं गणित बरोबर होतं, पण पिस्टन ज्यात सरकायचा तो सिलिंडर गोल होत नव्हता. तेव्हाचे सिलिंडर म्हणजे ठोकून किंवा ओतून केलेले, आतून ओबडधोबड. पिस्टनच्या कडेने वाफ पळून जायची. फटीत काय काय कोंबून बघितलं, उपयोग नाही.

हे कोडं सोडवलं जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने, आणि ते सोडवताना त्याच्या डोक्यात इंजिन नव्हतं, तोफा होत्या. १७७४ मध्ये त्याने तोफेची नळी कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि १७७५ च्या सुमारास त्याच धर्तीवर सिलिंडर कोरायचं मशीन केलं. युक्ती काय होती? आधीच्या यंत्रात कापणारं हत्यार एका लांब दांड्याच्या टोकाला लटकलेलं असे. दांडा वाकायचा, हत्यार भरकटायचं. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. बास. एवढंच.

पुढे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने आनंदाने लिहून ठेवलंय की पन्नास इंची सिलिंडरमध्ये कुठेही एका जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा जास्त फरक नाही. आज आपण त्याला हसू. पण त्या शिलिंगच्या जाडीवर १७७६ मध्ये इंजिनं विकली जाऊ लागली.

यातून टीमने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, शाफ्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या (हे फुकट आहे, कोटेशन लागत नाही). दुसरी, मशीन घेताना मोटरची अश्वशक्ती बघायच्या आधी त्याचं वजन बघा. कापताना हत्यार आणि जॉब दोघंही एकमेकांना ढकलत असतात. ते ढकलणं सहन करायला लोखंड लागतं. टेबलावर उचलून ठेवता येतं असं चकचकीत मशीन बहुतेक वेळा विल्किन्सनच्या आधीच्या काळातलं असतं, मग त्याला कितीही मोठी टचस्क्रीन असो.

हाताकडून लोखंडाकडे

आता लेथ. लेथ ही काही युरोपची नवलाई नव्हे. लाकूड फिरवून त्याला हत्यार लावायचं हे आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर बघायला मिळतंच. पण त्यात हत्यार माणसाच्या हातात. लाकडाला ते चालतं. लोखंडाला लावलं तर हात थरथरतो, आणि दहा सारखे शाफ्ट हवे असतील तर दहा वेगवेगळे मिळतात.

हेन्री मॉड्स्ली हा वूलिचच्या शस्त्रागारात लहानाचा मोठा झालेला पोरगा १७८९ मध्ये, अठराव्या वर्षी, जोसेफ ब्रामाकडे कामाला लागला. ब्रामाने एक कुलूप शोधून काढलं होतं, फोडायला महाकठीण. इतकं की नंतर दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून ठेवलेलं त्यातलं एक कुलूप थेट १८५१ मध्ये एका अमेरिकन माणसाने उघडलं. पण हे कुलूप हाताने बनवायला कारागिराचा जीव जायचा. भाग बारीक, मापं काटेकोर. मॉड्स्लीने ते बनवण्यासाठीची यंत्रं केली. १७९७ मध्ये त्याने आठवड्याला तीस शिलिंगांच्या वर पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं, आणि गडी बाहेर पडून स्वतःचं वर्कशॉप काढून बसला. (अप्रेझलच्या इतिहासातली ही सगळ्यात महागात पडलेली नकारघंटा असावी.)

मॉड्स्लीचं मोठं काम म्हणजे अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी त्याने केलेला आटे पाडायचा लेथ. हत्यार हातातून काढून लोखंडी सरकत्या घोड्यावर बसवलं, हा घोडा एका लांब स्क्रूने सरकवला, आणि तो स्क्रू गिअरने चकाशी जोडला. सुटे भाग आधी इतरांनीही केले होते. ते सगळे एकत्र, पूर्ण लोखंडात, रोज काम करतील असे त्याने केले. आज तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जो लेथ उभा आहे त्याचा सांगाडा हाच.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मॉड्स्लीच्या वर्कशॉपमध्ये कामगारांच्या बाकावर एक सपाट लोखंडी पाट, म्हणजे आपण आता सरफेस प्लेट म्हणतो ती, ठेवलेली असे. आपण घासलेला भाग खरंच सपाट आहे का, ते त्यावर ठेवून लगेच कळायचं. आणि मापाचा वाद झाला तर मॉड्स्लीचा स्वतःचा एक स्क्रूचा मायक्रोमीटर होता. त्याला 'लॉर्ड चॅन्सलर' म्हणत. म्हणजे सर्वोच्च न्यायालय. त्याने दिलेल्या निकालावर अपील नाही.

लेथ बनवणारा माणूस आधी मापाची व्यवस्था लावतो, हे लक्षात घ्या.

तीन पाटांचं कोडं

आता तुम्ही म्हणाल, तो सपाट पाट सपाट आहे हे कशावरून? तो ज्यावर तपासला तो तरी सपाट होता का? हा प्रश्न आमच्या क्षेत्रात वेगळ्या रूपात येतो. सी कंपायलर सी मध्ये लिहिलेला असतो, मग पहिला कंपायलर कुणी कंपाइल केला? मशीन टूल्सचं उत्तर इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मॉड्स्लीकडे १८२५ मध्ये कामाला आलेला जोसेफ व्हिटवर्थ याने ही पद्धत नीट बसवली आणि १८४० मध्ये ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत मांडली. समजा अ आणि ब असे दोन पाट आहेत. एकाला रंग लावून दुसऱ्यावर घासायचं, जिथे रंग लागेल ते उंचवटे खरवडायचे, पुन्हा घासायचं. होता होता दोघं एकमेकांवर तंतोतंत बसतात. सपाट झाले? नाही. अ थोडा फुगीर आणि ब तेवढाच खोलगट असेल तरी ते बसतीलच की. म्हणून तिसरा पाट क घ्यायचा. क हा अ वर बसवला तर तोही खोलगट होईल. आता ब आणि क समोरासमोर ठेवा. दोघंही खोलगट, मधे पोकळी. चोरी पकडली! तिघांना आलटून पालटून, फिरवून फिरवून एकमेकांशी जुळवत गेलं की एकच शक्यता उरते, तिघंही सपाट.

कुठलाही अचूक संदर्भ हातात नसताना, खरवडायचं एक हत्यार, थोडा रंग आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर अचूकता निर्माण झाली. याआधी लोक दोन पाटांमध्ये वाळूसारखी पूड घालून घासत. पूड सगळीकडे सारखी पसरत नाही, त्यामुळे सपाटपणा यायचा नाही. व्हिटवर्थने घासणं सोडून खरवडणं धरलं. या पाटांवरून लेथचे बेड सपाट झाले, त्या लेथवर आणखी सरळ स्क्रू झाले, त्या स्क्रूंनी आणखी बारीक मापं घेता आली. एकमेकांच्या खांद्यावर चढत थर लागावेत तसं.

दहीहंडीचा उल्लेख उगाच केला नाही. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ ची स्पर्धा आपल्या पुण्यात झाली, आणि तिचा विषय चक्क दहीहंडी होता. देशोदेशीचे रोबो गोविंदा होऊन आले होते. वरच्याचं नाव होतं, पण खालचा थर हलला तर काय होतं ते मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्कशॉपच्या खरेदीत मापाची हत्यारं म्हणजे तो खालचा थर.

आट्यांचा घोळ

त्याच व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं. तोवर प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे. एका ठिकाणचा नट दुसरीकडच्या बोल्टवर चढणार नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, सरासरी काढली आणि सांगितलं, आट्याचा कोन ५५ अंश आणि अमुक जाडीला इंचात अमुक आटे. इंग्लंडच्या रेल्वेने ते उचललं. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशाचं प्रमाण मांडलं, कारण तो कोन बनवायला आणि तपासायला सोपा. परिणाम असा की दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या ब्रिटन-अमेरिकेचे नटबोल्ट एकमेकांना लागेनात. शेवटी १९४८ मध्ये दोघांनी कॅनडाला घेऊन एक सामाईक प्रमाण केलं. तोवर मेट्रिक पद्धत जगभर आपली वाट चालतच होती.

हा घोळ आपल्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर आजही भेटतो. "पाव इंची" बोल्ट म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि एम ६ म्हणजे ६ मिलिमीटर. दिसायला सख्खे भाऊ. पण पाव इंचीला इंचात वीस आटे, म्हणजे १.२७ मिलिमीटरचा पिच, आणि एम ६ चा पिच १ मिलिमीटर. नट एक-दोन आटे चढतो आणि अडकतो. मग पोरं पाना लावून जोर करतात आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री आटे जातात. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाका, या वर्षी रोबोत फक्त एम ३, एम ४, एम ५. तेवढ्याच मापांचे चांगल्या प्रतीचे टॅप, तेवढेच पाने. व्हिटवर्थला जे सगळ्या देशासाठी करावं लागलं ते तुम्हाला एका टेबलापुरतं करायचंय.

एक लाख तीस हजार कप्प्या आणि एक रोबो

आता वादाचा खरा मुद्दा. भारी मशीन घेऊ, सगळं त्यावरच होईल, हा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाला शिडांच्या दोऱ्यांसाठी लाकडी कप्प्या लागत. एकेका मोठ्या जहाजाला शेकड्यांनी, सगळ्या नौदलाला वर्षाला लाखाच्या वर. मार्क ब्रुनेलने त्यासाठी यंत्रांची मालिका योजली, आणि ती यंत्रं बनवली आपल्या मॉड्स्लीने. पोर्ट्समथला १८०२ ते १८०८ च्या दरम्यान ४५ यंत्रं उभी राहिली. ११० कुशल कारागिरांचं काम दहा साधे मजूर करू लागले आणि १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या निघाल्या. यातलं प्रत्येक यंत्र एकच काम करायचं. एक फक्त भोक पाडणार, एक फक्त खाच करणार. कप्पीखेरीज त्यांचा उपयोग शून्य.

याच्या उलट टोकाला दुसरी गोष्ट. १८६१, अमेरिकेतलं यादवी युद्ध. बंदुकीच्या एका छोट्या भागातलं भोक पाडायला पीळदार ड्रिल लागायचे, आणि त्या ड्रिलवरचे पीळ कारागीर गोल कानशीने हाताने घासत बसलेले. फ्रेडरिक हाउ नावाच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाने हे जोसेफ ब्राउनला सांगितलं. ब्राउनने जे यंत्र केलं ते १८६२ मध्ये बाहेर पडलं. त्यात टेबल कोनात वळवता यायचं आणि जॉब सरकता सरकता गिअरने फिरायचा. गंमत म्हणजे पीळ कापायला बनवलेलं हे मशीन पीळच काय, गिअर, खाचा, कोन, सगळंच कापू शकलं. म्हणून त्याचं नाव युनिव्हर्सल मिलिंग मशीन पडलं. १९३८ मध्ये अमेरिकेत ब्रिजपोर्ट कंपनीचं फिरत्या डोक्याचं मिलिंग मशीन आलं, तेही त्याच वळणाचं. एकेकटा भाग, पटकन, दहा प्रकारे. तिथल्या शाळा-कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये ते अजूनही दिसतं.

रोबोच्या टीमला प्रत्येक भाग एक किंवा दोन नग लागतो, आणि तो पुढच्या आठवड्यात बदलायचा असतो. म्हणजे तुम्ही पोर्ट्समथ नव्हे, तुम्ही ब्राउन. वेगापेक्षा लवचिकपणा घ्या. "तासाला किती नग" हे कोटेशनमधलं वाक्य तुमच्या कामाचं नाही. "नवा जॉब लावायला किती वेळ" हे विचारा. आमच्या भाषेत, रनटाइम नव्हे, बिल्ड टाइम बघा.

आणि मग सीएनसी

सीएनसीचा जन्म वाचला तेव्हा मला, सॉफ्टवेअरवाला असूनही, बराच जमिनीवर आणला गेला. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचा जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करायचा. पात्याच्या आडव्या छेदाचा वक्र अचूक कापायला हवा. त्याने काय केलं, पंचकार्डाच्या हिशोबयंत्रावर वक्रावरच्या बिंदूंची यादी काढली. मग मिलिंग मशीनपाशी एक जण आकडे वाचणार आणि दोघं दोन हँडलं त्या आकड्यांवर नेणार. हा झाला मानवचलित सीएनसी! १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले, एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम गेलं, आणि १९५२ मध्ये कागदी पट्टीवरच्या भोकांनी चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कंट्रोलचं कपाट खुद्द मशीनपेक्षा मोठं होतं.

पण ते मशीन कुठलं होतं? बाजारातलं सिनसिनाटी कंपनीचं नेहमीचं मिलिंग मशीन. लोखंड तेच, हँडल फिरवणारे हात तेवढे बदलले. आकड्यांनी यंत्राला कुठे जायचं ते कळतं. तिथे गेल्यावर न डगमगता उभं राहणं हे अजूनही विल्किन्सनच्या दांड्याचं आणि व्हिटवर्थच्या पाटाचं काम आहे. पातळ ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर उभा केलेला राउटर स्क्रीनवर ०.०१ मिलिमीटर दाखवतो, आणि ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीत शिरला की थरथरत केस-दोन केस बाजूला सरकतो. स्क्रीन खोटं बोलत नाही. तिला ते दिसतच नाही.

थ्रीडी प्रिंटरचंही तसंच. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात २००५ मध्ये एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला, स्वतःचे भाग स्वतः छापणारं यंत्र. २००८ मध्ये त्याने आपलं पिल्लू जन्माला घातलंही. पण त्याला बाजारातून काय विकत आणावं लागलं? मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स तर आलंच, शिवाय सरळ गुळगुळीत लोखंडी सळ्या, बेअरिंगं, आटे पाडलेले रॉड आणि नटबोल्ट. म्हणजे मॉड्स्ली आणि व्हिटवर्थ यांनी दिलेलं सामान त्याला छापता आलं नाही.

प्रिंटर वाईट असं मी म्हणत नाहीये. सेन्सरचा माउंट, वायरची क्लिप, साचा, याला तो लाजवाब आहे, आणि आता तो स्वस्तही आहे. फक्त चाकाचा शाफ्ट त्यावर मागू नका.

आपल्याकडचा लेथ

हे झालं साहेबाचं. आपल्याकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, लेथ बनवायला. १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी आली, स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉनच्या सहकार्याने. आज जुन्या बाजारात जो दणकट लेथ दिसतो त्याच्यावर बऱ्याचदा यांपैकीच एक नाव ओतलेलं असतं.

असा जुना लेथ घ्यायचा तर डायल गेज बरोबर न्या. चकात सरळ सळई धरून फिरवा, काटा किती हलतो बघा. मग कॅरेज चकाजवळ नीट घट्ट बसवून दुसऱ्या टोकाकडे सरकवा. तिकडे जाम होत असेल तर बेड चकाजवळ झिजलेला आहे, कारण सगळं आयुष्य काम तिथेच झालं. रंग नवा मारलाय का हे बघू नका, तो नेहमीच नवा मारलेला असतो. आणि गंमत बघा, हा लेथ तपासायला डायल गेज आधी हवा. पुन्हा माप आधी, मशीन नंतर.

जी गोष्ट कोटेशनमध्ये नसते

२०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा लेथवर एकटीच काम करत होती. केस फिरत्या भागात अडकले आणि ती गेली. नंतरच्या सरकारी पाहणीत लेथला हवं ते संरक्षक कवच नसल्याचं नोंदवलं गेलं. विद्यापीठाने मग वर्कशॉपच्या वेळांवर आणि एकट्याने काम करण्यावर बंधनं आणली.

आपल्याकडे स्पर्धेच्या आधीचा महिना म्हणजे रात्रीचे जागर. ओढणी, मोकळे केस, हातमोजे, मनगटातला दोरा, सैल बाह्या. लेथला यातलं काहीही पुरतं, आणि तो कुणाची वाट बघत नाही. त्यामुळे लेथच्या बजेटमध्येच कवच, हाताशी येईल असं लाल बटण आणि गॉगल धरा, आणि एक नियम भिंतीवर लावा, एकटा माणूस मशीन सुरू करणार नाही. हे पाळता येणार नसेल तर लेथ घेऊ नका. शाफ्ट भोसरीत जॉबवर्कला टाका. दोन दिवस जातील, माणूस राहील.

तर मग यादी

इतिहासाने लावलेला क्रम मी असा वाचतो.

पहिले पैसे मापाला. चांगल्या कंपनीचा व्हर्निअर कॅलिपर, गुण्या, डायल गेज स्टँडसकट, छोटी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, स्क्राइबर, सेंटर पंच. यात काटकसर नको.

मग पकडायला आणि हाताला. बाकावर घट्ट बोल्ट केलेला जड व्हाइस, चार-पाच प्रकारच्या कानशी, हॅकसॉ, ठरवलेल्या मापांचे टॅप. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायचा जॉब सगळ्यांनीच शिव्या देत केलेला असतो. शिव्या बरोबर आहेत, पण तो अभ्यासक्रमात का आहे हे मला तीन पाटांची गोष्ट वाचल्यावर कळलं.

मग भोक. तेरा मिलिमीटर चकाचं, वजनदार बेंच ड्रिल, आणि बेअरिंगच्या मापाचे एक-दोन रीमर. रोबोतली बहुतेक दुखणी भोकांचीच असतात. त्यानंतर कापायला बँड सॉ. एवढ्यावर गाडा चालू लागतो, आणि प्रिंटर घ्यायचा तर तो इथेच बसतो.

त्यानंतर लेथ. आणि तोही तो चालवणारं, पुढच्या बॅचला शिकवणारं माणूस मिळालं तर. मिलिंग आणि सीएनसी सगळ्यात शेवटी. पुण्या-नाशिक-कोल्हापुरात पत्रा लेझरवर कापून देणारे, मिलिंग करून देणारे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. एक वर्ष वहीत लिहून ठेवा, कुठला भाग बाहेर किती वेळा टाकला आणि त्याच्यासाठी किती दिवस थांबलो. वर्षाच्या शेवटी वही उघडली की कुठलं मशीन घ्यायचं ते कळेल. तेव्हा मागा कोटेशन.

शेवटी पुन्हा व्हिटवर्थ. म्हातारपणी त्याच्याकडे मजबूत पैसा होता. त्यातून त्याने १८६८ मध्ये होतकरू तरुणांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या, वर्षाला तीन हजार पौंडांच्या. अट अशी की गणित-विज्ञानही यायला हवं आणि हातात कसबही हवं. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रं विकली त्याने हा पैसा यंत्रांना न देता ती चालवणाऱ्यांना दिला. तुमच्या मंजूर रकमेतले थोडे पैसे तसेच बाजूला काढा. एखाद्या निवृत्त टर्नरला किंवा आयटीआयच्या जुन्या मास्तरांना दर शनिवारी वर्कशॉपमध्ये बोलवा, रिक्षाभाडं द्या, चहा द्या, मानधन द्या. ते आले की आधी मशीन बघणार नाहीत, तुमचा व्हाइस हलवून बघतील. तो हलला तर त्या दिवसाचं पहिलं काम तेच.